सोफ्याच्या गादीतलं मेणकापड

अप्पा,

आज सकाळी तुमचा सोफा उसवला आणि आता हे पत्र लिहायला बसले आहे. कापड पार विरलं होतं, म्हणून कोठीच्या बाजारातून एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं होतं. तुम्ही बसायचात त्या कोपऱ्यातल्या गादीची खोळ त्याने उतरवली आणि तो थांबलाच. आत फोमवर मेणकापड शिवलेलं, आणि त्यावर तुमच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी. "अम्मा, ये सोफेवाले का टाका नहीं जी," तो म्हणाला, "ये तो किताबां सीनेवाले का है." मी वाकून पाहिलं. मेण लावलेला जाड दोरा, एकसारखे टाके. तुम्ही उभा जन्म बाइंडिंगच्या दुकानात वह्यापुस्तकं शिवलीत. तो टाका मी डोळे मिटूनही ओळखला असता. त्याने मेणकापड उचललं, तर खालचा फोम गोल गोल तपकिरी डागांनी भरलेला.

कुकटपल्लीच्या ह्या फ्लॅटमध्ये आपण नवे होतो. मला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागलेली, घरात केबल आलेली, आणि रोज एखादी अशी वस्तू दुकानात दिसायची जी आपल्या सात पिढ्यांनी पाहिली नव्हती. त्यातलाच हा फोमचा सोफा. मी त्यावर कुणाला धड टेकू देत नव्हते. आई गेल्यावर तुम्ही रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री तुमच्या पायाशी असायची, आणि एके दिवशी सोफ्याला मुताचा वास येऊ लागला. मग फरशीवरही डाग. मी कुणाला विचारते कशाला? सगळं मलाच कळायचं. बाथरूमचं ॲसिड आणून तांडूरच्या दगडी फरशीवर ओतलं, ती फसफसली आणि कायमचा पांढरा चट्टा पडला. मग फिनाईल, मग व्हिनेगर, मग खायचा सोडा पसरून ठेवणं. ब्रश घेऊन मी गादी खसाखसा घासत असते आणि तुम्ही मागे टीपकागदाचा गठ्ठा घेऊन उभे असता. "घासू नको गं, दाब. घासलं की आत उतरतंय ते." मग तुम्हीच गुडघे टेकून बसता आणि ओल्या पानावरची शाई टिपावी तसे एकेक कागद दाबत राहता. मला वाटायचं, कुत्रीसाठी किती करतात!

आणि तो रविवार. मी कुत्रीची मान धरली आणि तिचं नाक त्या ओल्या डागावर घासलं. तिला शिक्षा लागते, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. ती केविलवाणी ओरडली. तुम्ही समोर उभे होतात, धोतराचा सोगा मुठीत धरून. "नक्को गं, नक्को. मुकं जनावर हाय ते." मी तुमच्यावरच उसळले, तुम्हीच लाडावून ठेवलंय म्हणाले, ह्या घरात एक तर सोफा राहील नाहीतर कुत्री. तिसऱ्या दिवशी तुम्हीच तिच्या गळ्यात दोरी बांधलीत.

नामपल्लीला माझ्या ऑफिसातल्या एकाचं अंगणाचं घर होतं. रिक्षात ती तुमच्या मांडीवर. तिथे त्या घरच्या बाईला तुम्ही हात जोडून म्हणालात, "बहनजी, इसकू गंदी आदत नहीं है. घर में कब्बी कुछ नहीं करी." मी मान खाली घातली. वाटलं, तिने ठेवून घ्यावी म्हणून अप्पा धडधडीत खोटं बोलताहेत. त्या घरात तुम्ही एकटेच खरं बोलत होतात हे मला आज कळतंय. दोन महिन्यांनी ती मेल्याचा निरोप आला. त्या दिवशी तुम्ही ताटावरून उठून गेलात आणि मी चिडले होते.

तिला सोडून आल्यावर वास मात्र आठ दिवसांत गेला होता. मी जिंकल्यासारखी म्हणाले, बघा, मी सांगत नव्हते? तुम्ही नुसतं "हौ" म्हणालात. म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर तुम्ही खोळ काढून गादीत मेणकापड शिवलं होतं, आणि रोज धोतर धुऊन वाळवून परत आत घालत होतात. मरेपर्यंत?

तुम्हाला मला सांगता आलं नाही का, असं विचारायला तोंड उघडलं आणि शेजारचे आजोबा आठवले. त्यांच्या घरी पाऊल टाकवत नाही, म्हाताऱ्याचा वास येतो, असं मी जेवताना नाक मुरडून बोलले होते. समोर तुम्ही भात कालवत होतात. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतात? तरीही मला तुमचा राग येतोय. ती कुत्री म्हणजे तुमचं एवढं एकच माणूस होतं, आणि माझ्या नाकाला घाबरून तुम्ही ते घालवलंत. मग तुमच्यावरचा राग फिरून माझ्यावरच येतो आणि मला बसवत नाही.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे, मुलांना मराठी नीट वाचता येत नाही ते बरंच. एक मात्र सांगायचं राहिलं. कारागिराने ते धोतर हातात घेऊन हळूच विचारलं होतं, "घर में कोई बुजुर्ग बीमार थे क्या, अम्मा?" आणि मी, सगळं समजल्यानंतर, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नहीं जी. कुत्ती थी." तुमची लाज झाकायला म्हणाले, असं लिहिणार होते. पण तेव्हा मला तुम्ही आठवलाच नव्हतात. मला फक्त माझी लाज वाटली होती.