सात कप्प्यांचा डबा

प्रिय ऋतुजा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. विश्वजीतच्या हाती दिलं तर तुझा नवरा असला तरी वाटेत फोडून वाचेल, तेव्हा पोस्टाने पाठवतेय. तुला माहेरी जाऊन चाळीस दिवस झाले. तुझे सासरे जेवताना आधी तुझ्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि मग माझ्याकडे. त्यापेक्षा भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी मी काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतंय, तेव्हा ‘तसं म्हणायचं नव्हतं’ वगैरे सांगणार नाही. भिशीच्या पाच जणी समोर बसल्या होत्या. तुझ्या गोळ्यांचा डबा माझ्या हातात होता, सोमवार-मंगळवारचे कप्पे भरलेलेच दिसले, आणि सगळ्यांच्या देखत मी म्हणाले की गोळ्या चुकवतेस म्हणून तुझी कूस उजवत नाही. तू चहाचा ट्रे खाली ठेवलास, बॅग भरलीस, रिक्षा बोलावलीस. मी अडवलंही नाही. म्हटलं, चार दिवसांत येईल.

तो सात कप्प्यांचा डबा मीच आणला होता, दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी फक्त फॉलिक अ‍ॅसिड दिलं होतं. मग भिशीतल्या मथुराबाईंनी शतावरी सांगितली, यमुनाबाईंच्या मुलीने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आणि मोबाइलवर बघून बघून झिंक, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन ए मी माझ्या हुशारीने वाढवलं. दर रविवारी डबा भरताना वाटायचं, केवढं करते मी सुनेसाठी. तुला मळमळायचं ते दिसत होतं. मी लिंबाची फोड पुढे करायचे आणि कामाला लागायचे.

तू गेल्यावर तोच डबा पिशवीत घालून मी डॉक्टरबाईंकडे गेले, खरं तर भांडायलाच. एवढ्या गोळ्या खाऊन गुण कसा नाही म्हणून. बाईंनी सगळा डबा टेबलावर ओतला. फॉलिक अ‍ॅसिड ठेवलं. तुझ्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी होतं म्हणून ती गोळी ठेवली. बाकी सगळं बाजूला सारलं. व्हिटॅमिन एची एवढी जोराची गोळी तर दिवस राहिल्यावर बाळाला अपाय करू शकते, म्हणाल्या. मग शांतपणे विचारलं, मुलाची तपासणी कधी केली? मी ताडकन म्हणाले, “त्याला काय झालंय? धडधाकट गडी हाय.” त्या हसल्या नाहीत.

ऋतुजा, मी तीस वर्षं मांजरी गावात ऊस लावला. कोंब फुटायचा डोळा बघितल्याशिवाय बेण्याची एक कांडी सरीत पडू दिली नाही. उगवण कमी झाली की आधी बेणं तपासायचं, खताचं नंतर बघू, हे गड्यांना मीच शिकवलं. आणि घरात मात्र दोन वर्षं नुसतं खत ओतत राहिले. बरं, तू काही शेतही नाहीस. हे मला दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुचलं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

घरी येऊन विश्वजीतला विचारलं. वाटलं होतं चिडेल, पण तो उठला आणि कपाटातून एक रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. वर्षापूर्वीचा. शुक्राणूंची संख्या बरीच कमी. आईला सांगणार नाहीस असं त्याने तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि उपचाराला मात्र स्वतः गेला नव्हता. म्हणजे कारण माहीत असताना तू वर्षभर माझ्या हातच्या गोळ्या गिळत राहिलीस, आणि त्या दिवशी पाच जणींसमोरही तोंड उघडलं नाहीस. खोटं कशाला सांगू, आधी मला तुझाच राग आला. मग मुलाची लाज वाटली. मग माझी, कारण आईपासून लपवावं असं पोराला वाटलं, ते माझ्या स्वभावामुळे. त्या दुपारी मी खूप रडले.

आता तो डॉक्टरबाईंकडे जातो. तंबाखू सोडलीय, चिडचिड करतो, करू दे. त्याला दिलेल्या गोळ्या त्याचा तो घेतो, डबा भरायला मी जात नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. मूल होईलच असं बाईंनी सांगितलं नाही, तेव्हा मीही सांगणार नाही.

पत्र लिहायचं कारण हे की रविवारी सकाळी अकरा वाजता मी शनिवार पेठेत तुझ्या आईकडे येतेय. तुला न्यायला नाही. परत यायचं की नाही, विश्वजीतबरोबर राहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. जे ठरवशील त्याला या घरातलं कुणी नावं ठेवणार नाही, ते माझ्याकडे लागलं. मी येतेय ती तुझी माफी मागायला. अपमान केला पाच जणींसमोर आणि माफी मागायची कानात, हे मला पटत नाही. म्हणून त्या पाचही जणींना बरोबर आणतेय, दोन रिक्षा सांगून ठेवल्यात. विश्वजीतही येईल, आणि त्याच्या रिपोर्टात काय आहे ते त्यांना तो स्वतःच्या तोंडाने सांगेल. हे मी त्याच्याकडून वदवून घेतलेलं नाही, त्यानेच म्हटलं. एवढी माणसं दारात नको असतील तर कळव, मग माझ्याच अंगणात त्यांना बसवून हेच बोलेन. पण बोलणार नक्की. मथुराबाई विचारत होत्या, सासूनं कधी सुनेची माफी मागितलेली बघितलीय का गं कुणी. मी म्हटलं, रविवारी बघा.

अजून तरी तुझीच,
सासू प्रेमला