खोटे चोवीस आणि मी

जेम्स उपसागर, मामांचा तळ
११ मे

प्रिय हॅरिएटताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या सायलसला दात किती आले, तेही नक्की कळव. (मागे मी मामांना दोन सांगितले आणि आजीला तीन, तेव्हापासून मन खातंय.) आम्ही इकडे बरे आहोत, बहुधा.

आपल्या रीतीप्रमाणे सायलस पहिल्यांदा तंबूबाहेर पाऊल टाकेल, त्या दिवशीच्या जेवणाला सहा रानहंस मी आणीन, असा शब्द मी तुला दिला होता. एल्मरमामा वाऱ्याच्या दिवशीच शिकारीला परवानगी देतात, हे तुला ठाऊकच आहे. (शांत हवेत बंदुकीच्या बाराचा आवाज दूरवर जातो आणि हंस ती जागाच सोडतात.) काल वारा सुटला. घरात शिकलेली मीच, म्हणून खऱ्यांना भुलवायचे ते करड्या अंगाचे, काळ्या मानेचे खोटे हंस मांडायचं काम माझ्याकडे आलं. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, असं मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून चोवीसच्या चोवीस मी एका दिशेला, सारख्या अंतरावर मांडले. मामा आडोशातून बघत म्हणाले, "पोरी, हे चरायला आलेत की प्रार्थनेला?"

मग वारा फिरला. मी रांगत जाऊन सगळे वळवले. तो पुन्हा फिरला, मी पुन्हा वळवले. (दोन-चार वाकडे राहिले तर चालतं का, हे पुस्तकात नव्हतं.) तिसऱ्या खेपेला हंसच उडाले, म्हणजे खोटे. पोकळच ते, बर्फावरून घरंगळत निघाले. मी धावले, चार धरले, दोन पोटाखाली घेतले आणि बाकीच्यांच्या मधोमध पालथी पडून राहिले. तेवढ्यात खरे आले. दोन घिरट्या घालून माझ्या भोवतीच उतरले; एक तर माझ्या बुटाशी चरत होता. माझी बंदूक आडोशात, आणि मामांच्या नेमाच्या वाटेत मी. बराच वेळ कोणीच काही केलं नाही. मग मला शिंक आली.

घरी येईपर्यंत मामा तोंड फिरवूनच पुढे चालत होते. ते रागावले होते की हसू दाबत होते, मला खरंच कळलं नाही.

तुझी,
व्हायोलेट

ता. क. : सहापैकी अजून एकही हंस नाही. जेवण आठवडाभर पुढे ढकलता येईल का? (सायलसला तोवर बाहेर सोडू नकोस.)

ता. क. २ : मामा आत्ताच सांगून गेले, की इतक्या जवळ हंस त्यांनी चाळीस वर्षांत उतरवले नाहीत, तेव्हा उद्या वारा असला तर मी पुन्हा तिथेच पडायचं. मी भीत भीत विचारलं, बार मला लागला तर? म्हणाले, "मी उडणाऱ्यावरच बार टाकतो. तू उडू नकोस, म्हणजे झालं." हे कौतुक आहे का, ताई? असो. पुढच्या विमानाने आजीचा करडा कोट पाठव. आणि काळा मफलरही, मानेसाठी.