मनीला गावी मी ठेवलं होतं

प्रिय शोभा,

तू जाऊन तीन वर्षं झाली. आज लिहायला बसलो, कारण काल जेवताना मनीने विचारलं, "पप्पा, मी आईला नकोशी होते का? तिने मला गावी का ठेवलं होतं?"

आणि मी "आधी जेव" म्हणून विषय टाळला, शोभा!

तू तर तिला पाठवायला नकोच म्हणत होतीस. नरोलीची ती पत्र्याची खोली, दोघांची मसाटच्या कारखान्यातली नोकरी, पोर दहा महिन्यांची. "धुळ्याला माझ्या आईकडे वाढेल," हे मीच ठरवलं. तिला ठेवून परत येताना एस.टी.त तू तिचं दुपटं छातीशी धरून बसली होतीस. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तीन वर्षांची झाल्यावर आणली, तर तुला 'मावशी' म्हणाली. तुझ्या हातचा घासही घेईना! दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांना बसवून समजावलं, "ओढून जवळ घेऊ नका. रोज तिच्याशेजारी जमिनीवर बसा, ती खेळेल ते खेळा. बाहेर जाताना सांगून जा आणि सांगितल्या वेळी परत या. तिचा विश्वास हळूहळू बसेल. दर मंगळवारी दोघंही या."

बाहेर पडल्यावर मी हसलो. "पोरीशी खेळायला डॉक्टर कशाला पाहिजे?" पुन्हा गेलो नाही.

तू मात्र सुपरवायझरच्या विनवण्या करून, अर्धी रजा टाकून जात राहिलीस. दमून आलीस तरी ती खेळायची त्या बाटल्यांच्या झाकणांपाशी बसायचीस. ती पाठ फिरवायची, तू हलायची नाहीस. कुठून आणलास एवढा धीर?

तिसऱ्या महिन्यात ती नळापाशी घसरून पडली. मी धावलो. मला वळसा घालून ती तुझ्याकडे गेली. "आई, लागलं!" तू तिला घेऊन तिथेच ओल्यात बसलीस आणि रडलीस. मला मात्र राग आला होता. हे तुला कधी सांगितलं नाही.

सहा वर्षं मिळाली तुम्हा मायलेकींना. फक्त सहा! मग तो ताप आला आणि चार दिवसांत तू गेलीस. मनी कोपऱ्यात बसून होती, आणि तिच्याजवळ कसं बसायचं तेच मला कळेना. शिकायला गेलोच नव्हतो ना मी!

आज ती शाळेतून आली की सगळं सांगणार आहे. कुणी पाठवलं, कोण रडलं, कोण मंगळवारी एकटं गेलं. ती चिडेल. कदाचित बरेच दिवस बोलणार नाही माझ्याशी. चालेल. पण तुझ्यावरचा हा आळ आज उतरवतो, शोभा. माझा शब्द.

तुझा,
अशोक