उघड्या डोक्यांची सभा

प्रिय मोआगी,

वाळवंटापलीकडे विंडहुकला गेल्यापासून तू बापाचा फोन उचलत नाहीस, आणि मी केला की "आत्या, कामात आहे" म्हणून कटवतोस. पत्राला कसा कटवणार? आपल्यात आत्याचा शब्द बापालाही मोडता येत नाही, मग तू कोण लागून गेलास! चहा करून घे आणि मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. तुझ्या आईच्या कोंबड्या वाढल्यात, माझा गुडघा दुखतो आणि तुझा बाप अजून चपला दारात आडव्या टाकतो. गेल्या पावसात पेठेत पुन्हा पाणी भरलं. तिथं बसणाऱ्या म्मा-दिकेलेदीची वाळवलेल्या फानेची पोती, म्हणजे वर्षभर खायला विकायच्या अळ्या, बसस्टँडवर तरंगत होती. तुझा बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती गोळा करत होता. नगरसेवक म्हणून नव्हे रे, त्याला ते बघवतच नाही.

तू आखलेला पेठेचा आराखडा त्याच पुरावरचं औषध होता. झाकलेली गटारं, बसस्टँड मागे, मधल्या रस्त्यावर झाडं आणि विकायला बसणाऱ्या बायकांना छपराखाली ओटे. तो कौन्सिलपुढे आला तेव्हा तुझा बाप उठून बाहेर गेला, कारण काम तुझ्याच कंपनीकडे जाणार होतं आणि मुलाच्या कामावर बापानं मत द्यायचं नसतं. एका मतानं आराखडा पडला. "माझ्या बापानं मला पाडलं," असं म्हणून तू बॅग भरलीस. तुझा राग मला कळतो. पण त्या दिवशी तो कचेरीच्या पायरीवर टोपी हातात फिरवत किती वेळ बसला होता, हे मी पाहिलंय, तू नाहीस.

आता खरी बातमी. पुरानंतर कौन्सिलनं तुझा आराखडा पुन्हा काढला आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सगळे नगरसेवक गावच्या प्रमुखापुढे, खोसीपुढे, खोत्ल्याच्या सावलीतल्या चौकात आले. नेहमीप्रमाणे जो तो आपापली खुर्ची घेऊन, बायका डोकं झाकून, पुरुष टोप्या काढून. तुझ्या बापानं सगळ्यांदेखत महापौरबाईंना विचारलं, "मी बोलू का? आराखडा माझ्या मुलाचा आहे." बाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा वाळवंटापलीकडे आहे, यात त्याचा काही लाभ नाही. बोला."

तो बोलायच्या आतच फेको उभा राहिला. तोच, फर्निचरच्या दुकानाचा. त्याला झाडांच्या जागी गाड्या लावायच्यात. म्हणाला, "रा-मोआगी, पोराच्या रेघा आहेत म्हणून पान्हा फुटलाय तुम्हाला! बायका काय, बसतातच की उन्हात, सवय आहे त्यांना." सगळे हसले. मला वाटलं, आता तुझा बाप खाली बसतो. तर तो शांतपणे म्हणाला, "हो, पोराच्याच आहेत. सगळं गाव मला त्याच्या नावानं हाक मारतं, मोआगीचा बाप म्हणून. मग त्याच्या रेघांना मी अनोळखी कसा म्हणू? पण सावलीत बसून उन्हाबद्दल बोलायची मला लाज वाटते. खोसी, परवानगी असेल तर सभा पेठेत नेऊ." आणि त्यानं आपली घडीची खुर्ची काखेत मारली.

म्हाताऱ्या खोसीला गंमत वाटली असावी. तो उठला. खोसी उठल्यावर कोण बसून राहणार? ऑक्टोबरच्या भर दुपारी सगळी वरात डोक्यावर खुर्च्या घेऊन पेठेत निघाली! म्मा-दिकेलेदीच्या शेजारी डांबरावर खुर्च्या मांडल्या गेल्या. नगरसेवकांनी हळूच टोप्या डोक्यावर चढवल्या, तसा खोसी म्हणाला, "मी बसतो तिथं खोत्ला. टोप्या खाली." मोआगी, तू हवा होतास रे! फेकोचं टक्कल टोमॅटोसारखं लाल झालं. खोत्ल्यात कुणाचं बोलणं तोडायचं नसतं, आणि म्मा-दिकेलेदीनं तर आजीपासूनची गोष्ट सुरू केली. फेको रुमाल डोक्यावर ठेवायला गेला. ती म्हणाली, "असू दे बाबा, सवय होईल." शेवटी त्यानंच हात वर केला, "लावा, झाडं लावा, पण आता आवरा!" आपला भाऊ इतका हुशार आहे हे मला या वयात कळलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात कौन्सिलनं आराखडा मंजूर केला. तुझ्या बापाचं सगळ्यांनी कौतुक केलं. घरी येऊन त्यानं तळलेल्या गरम मगविन्या खाल्ल्या, कोट खुंटीला लावला आणि झोपला.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दुसऱ्या दिवशी त्यानं नगरसेवकपदाचा राजीनामा दिला. लोक म्हणतात, थकला. थकलेला माणूस पहाटे उठून तुझ्या खोलीला चुना लावतो का? मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "या कामाला इंजिनिअर नेमायचाय. मी तिथं असेपर्यंत मोआगीला अर्जसुद्धा करता येणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला सांगू नकोस. ओझं वाटेल." मी त्याची मोठी बहीण आहे, त्याचं सगळंच ऐकत नाही. काम मिळेल की नाही ते तुझ्या गुणांवर, शिफारस करायला आता तिथं आपलं कुणी उरलेलं नाही. अर्ज कर, किंवा करू नकोस. पण त्याचा फोन उचल. त्याला आता नगरसेवक म्हणून कुणी हाक मारत नाही. तुझंच नाव तेवढं त्याच्यापाशी राहिलंय.

वाट पाहणारी,
तुझीच आत्या