यांना डोळा लागेल तिथे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, शरीराने अर्धी आणि डोक्याने पुरती शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. दडपणाचे वाक्य वकीलबाईंनी आग्रहाने घालायला लावले. आमच्या घरात दडपण कोण आणते, हे त्यांना ठाऊक नसावे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या यजमानांना. हे दातांचे डॉक्टर. कादंबऱ्यांवर आमची चूल कधी पेटली नाही, ती लोकांच्या किडलेल्या दाढांवर पेटली. तेव्हा ज्याचे त्यालाच परत जात आहे.

२. तिसऱ्या कादंबरीचे यापुढील मानधन माझ्या नणंदेला. त्यातली कुजकट आत्या म्हणजे आपणच, असे धरून ती कित्येक वर्षे माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा पहिले वाक्य, "वहिनी, निदान नाक तरी बदलायचंस!" मी काहीच कबूल करत नाही. खाई त्याला खवखवे. पण बदनामी झालीच आहे, तर ती फुकटात का व्हावी?

३. नुसते मलपृष्ठ वाचून माझ्या पाचव्या कादंबरीचे वाभाडे काढणाऱ्या समीक्षकांना त्याच कादंबरीची एक प्रत, मलपृष्ठ फाडून.

४. आता मुख्य. माझी लिहिण्याची रीत मी कुठल्याही मुलाखतीत खरी सांगितलेली नाही. दुपारची जेवणे झाली की हे आरामखुर्चीत पडत आणि सकाळी लिहिलेले मी वाचून दाखवत असे. यांना डोळा लागेल तिथे पेन्सिलीची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कापून टाकायचे. सात कादंबऱ्या अशाच झाल्या. जाणकार जिला माझी घट्ट वीण म्हणतात, ती यांच्या घोरण्याची करामत आहे.

गेल्या वर्षी माझे रिपोर्ट आले आणि यांची झोप उडाली. आता टक्क जागे राहून ऐकतात. एक कारकून कपाट आवरतो, एवढ्यावर मी मुद्दाम नऊ पाने लिहून पाहिली. पापणी लवली नाही.

"अहो, पडा की जरा."

"कसा पडू? तू वाचतेयस ना."

"रटाळ आहे हो ते."

"असू दे. वाच तू."

परिणामी आठवी कादंबरी सातशे पानांवर गेली असून त्यातले काय ठेवावे, मला कळत नाही. प्रकाशक म्हणतात, "ताई, काळजी नको, आम्ही कोणाकडून तरी आटोपशीर करून घेऊ." घेऊ नये. हे हस्तलिखित यजमानांच्या एकट्याच्या मालकीचे राहील. ते छापू नये, त्याला कात्री लावू नये. प्रकाशकांना वाईट वाटेल, पण ते दुसऱ्याच्या पुस्तकाने लगेच बरे होतील.

५. मी गेल्यावर नणंदेने रोज दुपारी येऊन ही कादंबरी यांना वाचून दाखवावी. तिचा आवाज खणखणीत आहे, अगदी त्या आत्येसारखा. मला मरणाची भीती वाटत नाही. हा माणूस माझ्यामागे असाच जागा राहील, याची वाटते. फार वाटते.

म्हणून, यांना डोळा लागला की वाचन थांबवावे. पेन्सिल हातात घेऊ नये. चष्मा अलगद काढून ठेवावा, पंखा कमी करावा आणि दार न वाजवता घरी जावे. सातशे पाने संपली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

साक्षीदार म्हणून सही करायला हे स्वतःच पेन उघडून बसले होते. ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर रुसले. म्हणून साक्षीला शेजारी बोलावले आहेत.

स्थळ : आमचे जेवणघर
दिनांक : वकीलबाई घालतील, मला हल्ली वार तेवढा आठवतो. रविवार.

(सही) लिहून ठेवणार

वरील मजकूर आम्हा दोघांसमोर लिहून ठेवणाऱ्या बाईंनी स्वतः मोठ्याने वाचला व सही केली. ऐकताना त्यांचे यजमान शेवटपर्यंत जागे होते.

साक्षीदार :
(सही) शेजारच्या शिंपीणबाई
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले