बापूचं साल

पेडगाव,
ता. १० डिसेंबर १९७४

चि. रंगनाथ यास,

लक्ष्मीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्राच्या सुरवातीला समदे खुशाल हाव असं लिहायची रीत हाय, पण आमी खुशाल न्हाई रे बाबा. हे पत्र वाचलं की चुलीत घाल.

शनिवारी सेलूला कापूस घालून ट्रॅक्टर माघारी यायलता. मी ट्रॉलीत होते. तुझ्या भाच्याचा, पंडितचा साखरपुडा जवळ आला म्हणून लुगडी घ्यायला गेलते. ट्रॅक्टर आमचा सालगडी बापूच चालवतो, लायसनबी त्याच्याच नावचं. पण अर्ध्या वाटंत पंडितनं हट्ट धरला की आता मी चालवतो. बापू एकदा नको म्हणला. मालकाच्या पोराला दुसऱ्यांदा नको म्हणायचं त्याच्या हातात कुठं असतं? तो मडगाडवर सरकून बसला.

ओढ्याच्या वळणावर दिवेलागणीला शेजारच्या वाडीची चतुराबाई सरपणाचा भारा घेऊन कडंकडंनं चालली होती. पंडितला वळण आवरलं न्हाई. म्हातारी जाग्यावर गेली. मी समदं डोळ्यानं पाह्यलं. पंडित उतरून रस्त्यातच बसला होता. बापूनं आपला पटका सोडून म्हातारीचं डोस्कं बांधलं, तिच्या अंगावरून चाक काढायला ट्रॅक्टर मागं घेतला. तेवढ्यात लोक जमले. त्यांनी स्टेरिंगवर बापूला पाह्यलं आन् बापूलाच धरलं. आमी मायलेकरं खोटं एक अक्षर बोललो न्हाई. नुसते गप बसलो.

बापू जामिनावर सुटून आला तवा ह्यांनी त्याला समजावलं. पंडितची मास्तरकीची ऑर्डर निघालेली. त्याच्यावर केस झाली तर नोकरी जाईल, सोयरीकबी मोडंल. बापू लय येळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणला, पाडव्यापतुर माझं साल तुमच्याकडंच हाय मालक, त्यातलंच एक काम समजतो. त्याच्या बायकोला, पंचफुलाला, ह्यांनी सांगितलंय की ठरलेली जवारी घरपोच येईल, पायलीभर कमी व्हायची न्हाई.

तू फौजदारी कोर्टात साहेबाच्या समोर बसून लिहायचं काम करतोस. यातून कसं निघायचं ते तुलाच ठावं. आमच्या जीवाला थारा न्हाई. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
लक्ष्मीअक्का


परभणी,
ता. १९ डिसेंबर १९७४

ती. सौ. अक्कास,

रंगनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र आणि कारळाच्या चटणीचा डबा, दोन्ही पोचले. चटणीत मिरची जरा सढळ पडली आहे. सुमंगला म्हणते, नणंदबाईंनी रागारागात कुटलेली दिसते.

अक्का, एवढं बेजार व्हायचं कारण नाही. असे खटले आमच्याकडं रोजचेच आहेत. मुद्दाम जीव घेतला असा हा गुन्हा नव्हे, निष्काळजीपणाचा आहे. बापूजवळ लायसन आहे, पहिलाच गुन्हा आहे. त्यानं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल म्हणून मोकळं व्हावं. साक्षीपुरावा नको, उलटतपासणी नको, आणि तुम्हाला कुणाला पिंजऱ्यात उभं राहायला नको. फार तर दंड होईल, नाहीतर कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवतील. संध्याकाळच्या गाडीनं बापू घरी.

रविवारी दत्तराव दाजी त्याला घेऊन आले होते. मी त्याला माझ्याच बैठकीत बसवून नीट शिकवलं. साहेबांकडं बघून बोलायचं, वळणावर माझाच हात चुकला म्हणायचं, जास्तीचं काही बोलायचं नाही. एकदोनदा म्हणवून घेतलं. माणूस हुशार आहे गं, आमच्या काही वकिलांपेक्षा स्पष्ट बोलतो. मी तसं म्हणालोही, दाजी हसले. बापू हसला नाही, पण तो मुळातच अबोल आहे.

सुमंगलानं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला विचारलं की याला लेकरं किती आहेत. मी तिला सांगितलं की तू यात पडू नको.

पंडितला निर्धास्त शाळेत हजर व्हायला सांग, आणि मामाला साखरपुड्यात पहिल्या पंगतीला बसव. लोभ आहेच, पुढच्या डब्यात थोडा कमी तिखट पाठवावा.

तुझा,
रंगनाथ


परभणी,
ता. ३१ जानेवारी १९७५

ती. सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. दाजींकडून निकाल कळलाच असेल. बापूला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. माझा अंदाज साफ चुकला. पण मी लिहायला बसलो तो त्यासाठी नाही. कोर्टात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न जाईना.

आमचे साहेब नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी बापूला बजावून विचारलं की कुणाचा दबाव आहे का, भीती आहे का, कबुलीचा परिणाम काय होतो ते ठाऊक आहे का. बापू त्यांच्याकडं बघून म्हणाला की दबाव कुणाचा नाही, वळणावर माझाच हात चुकला. मी ते लिहून घेत होतो. अक्का, माझ्या बैठकीत मीच पढवलेलं बोलणं मीच कोर्टात ऐकलं आणि माझ्याच हातानं लिहिलं. खाली त्याचा अंगठा घेतला, तेव्हा त्याचं बोट मलाच धरावं लागलं. बोट थंडगार होतं.

साहेब म्हणाले की इतका खरा माणूस मी या पिंजऱ्यात आजवर पाहिला नव्हता, पण एका गरीब बाईचा जीव गेला आहे, नुसत्या दंडावर सोडलं तर तिच्या जिवाची किंमत ती काय राहिली. बोलले ते अगदी रास्त बोलले. कोपऱ्यात चतुराबाईची लेक गीताबाई उभी होती. तिनं साहेबांना हात जोडले आणि रडत म्हणाली की माझ्या मायला न्याय मिळाला. मी मान वर केली नाही.

शिपाई घेऊन निघाले तसा बापू माझ्यापाशी थांबला. वाटलं, आता हा मला काहीतरी बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच सांगितलं की मालकीणबाईंना निरोप द्या, बांड्या बैलाचा खांदा आलाय, हळद-तेल लावत जावा.

इतकी वर्षं मी या खुर्चीत बसलो. वाटायचं, लाच खाणारे असतात, खोटे साक्षीदार असतात, म्हणून न्याय अडतो. इथं तर कुणी पैसा खाल्ला नाही. पोलिसांनी बापूला बोट लावलं नाही, साहेबांनी निर्मळ मनानं निकाल दिला. सगळं कायद्याबरहुकूम झालं आणि सगळं खोटं झालं. त्यांच्यापुढं आम्ही ठेवलं तेच त्यांनी तोललं. मग खरा न्याय म्हणतात तो असतो तरी कुठं? आता साहेबांनाही आपला निकाल फिरवता येत नाही, वरच्या कोर्टात जावं लागतं. आणि तिथं जायचं तर आधी आपल्यापैकी कुणीतरी खरं बोलायला पाहिजे.

मी नाही बोललो. बोललो तर माझी नोकरी जाईल. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते.

आणखी लोभ मागायला तोंड नाही. आहे तेवढा असू दे.

रंगनाथ


पेडगाव,
ता. ९ मार्च १९७५

चि. रंगनाथ यास,

अक्काचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी तुझा लय राग आला. मनात म्हणलं, हा मोठा शाना, समदं करून सवरून आता रडायलाय. दोन-तीन पत्रं लिहिली आन् फाडली. मायनं लेकराला झाकलं तर त्यात काय पाप, असं लिहिलं होतं त्यात.

बांड्याच्या खांद्याला हळद-तेल मीच लावते. बैल बरा हाय.

बुधवारच्या बाजारात मी वांगी घ्यायलते. पंचफुला पलीकडं मिरच्या निवडायलती. गीताबाईनं तिला गाठलं आन् भर बाजारात तिच्या सात पिढ्या काढल्या. तुझ्या नवऱ्यानं माझी माय चिरडली, तुझी लेकरं खुन्याची लेकरं, असं वाट्टंल ते बोलली. बाजार गोळा झाला. पंचफुला मान खाली घालून ऐकत राह्यली. तिनं एकदा, नुसतं एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर मी काई बोलले असते का कुणास ठावं. तिनं बघितलं न्हाई. आन् मी काय केलं? पदर कपाळावर वढला आन् वांग्याचा भाव केला. ती वांगी आणून तशीच कोपऱ्यात टाकली, वाळून गेली. लाज लाज म्हणतात ती काय असते ते ह्या वयात कळलं मला.

पंडित शाळंवर जातो. ट्रॅक्टरच्या वाऱ्याला उभा राहत न्हाई. मधी परभणीला बापूला भेटतो म्हणून गेला आन् जेलच्या फाटकावरून माघारी आला. शाळंतली पोरं गुरुजी म्हणून पाया पडली की अंगावर काटा येतो म्हणतो. साखरपुडा झाला, तू आला न्हाईस. मी इचारलंबी न्हाई का आला न्हाईस.

पंचफुला जवारी न्यायला येते. ठरलेलं मोजून घेते, वर मूठभर घातलं तर काढून ठेवते. पाणी दिलं तर तहान न्हाई म्हणते. ह्यांना वाटतं की पाडव्याला बापूचं साल वाढवून दिलं म्हणजे तिचं मन शांत होईल.

सुमंगलाला सांग, तिनं इचारलं ते बरोबर इचारलं होतं. बापूला तीन लेकरं हायती.

तुझी,
लक्ष्मीअक्का


पेडगाव,
ता. १५ एप्रिल १९७५

चि. रंगनाथ यास,

वि. वि. शनिवारी पाडवा झाला. गुढी उभारून आमी ओसरीवर बसलो होतो. ह्यांनी नवा नारळ आणून ठेवला होता. तुला रीत ठावं हाय, पाडव्याला सालगडी मालकाचं सामान माघारी आणून ठेवतो, मालक इचारतो की पुढं राहतो का, आन् राह्यला तर नारळ हातात देतो.

पंचफुला आली. आसूड, घोंगडं, कंदील, समदं डोक्यावर घेऊन आली आन् ओसरीवर मांडलं. कंदिलाची काच घासून लख्ख केली होती. ह्यांनी नारळ पुढं केला, म्हणले, बापूचं साल असंच चालू ठिवू, जवारी वाढवून देऊ. तिनं हात पुढं केला न्हाई. आवाजबी चढवला न्हाई. म्हणली की मालक, त्याचं साल तुमच्याकडं होतं तवर त्यानं तुमचं काम केलं. आज साल सरलं. तरी तो अजून तिथंच हाय. उद्यापासून तिथं कुणाच्या सालात बसायचं त्यानं, तेवढं सांगा. 

एवढं बोलून ती निघून गेली. हे लय भडकले, ही बाई माजली म्हणले. पंडित गुढीखाली उभा होता, तिथंच मटकन खाली बसला, त्या दिशी रस्त्यात बसला होता तसा.

काल बौद्धवाड्यातून जयंतीची मिरवणूक निघाली. दरसाली निळा झेंडा बापूच्या हातात असतो. औंदा त्याचा थोरला पोरगा घेऊन चालला होता. दोन हातानं धरूनबी झेंडा कलायलता त्याचा. मी दारातून बघितलं आन् आत येऊन पंडितला म्हणलं, आता बास.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं आमी येतो. हे आडवे आले. म्हणले, पोराचं वाटोळं करायला निघालीस, तुला माय कोण म्हणंल? मी म्हणलं, त्या पोराच्या हातातला झेंडा बघून आल्यापून मला मायबी म्हणवून घेऊ वाटंना. पंडित येतो म्हणलाय. सकाळपून लहान लेकरागत रडायलाय, लगीनबी मोडणार हाय त्याचं, नोकरीबी जाणार हाय. माझा जीव तुटायलाय रे. पण गाडीपतुर त्याचं पाऊल अडखळलं तर मी एकटी येणार. मी ट्रॉलीत होते. मला कुणी इचारलंच न्हाई म्हणून मी वाचले. आता न इचारता सांगते.

तुझ्या साहेबाला आपला निकाल फिरवता येत न्हाई म्हणतोस. न फिरू दे. वरच्या कोर्टात जाईपतुर बापूचं वरीस भरंलबी. पण गीताबाईनं हात जोडले ते खोट्याला जोडले, एवढं तरी तिला कळू दे. तुमच्या कोर्टात न्याय हाय का न्हाई मला काय कळतंय? आमी तिथं तो जाऊच दिला न्हाई, एवढं कळतंय.

बापूला कुणी शिकवलं असं साहेबानं इचारलं तर मी तुझं नाव सांगणार. सुमंगलाला आधीच सांगून ठेव. तू धाकटा, तुला मी कडंवर खेळवलंय, आन् तुझी भाकर मीच मोडायलेय. राग धरलास तर धर. पण बापूला शिकवलंस तसं पंडितला काई शिकवू नको. तो बोलंल तेच लिहून घे.

आसूड, घोंगडं आन् कंदील अजून ओसरीवरच हाय. ह्यांनी उचललं न्हाई, मीबी न्हाई. ह्या खेपेला वर आशीर्वाद लिहिला न्हाई. द्यायचा हक्क उरला का ते बापूला तोंड दाखवून आल्यावर बघीन.

अक्का

ता. क. पहिल्या पत्रासारखं हे चुलीत घालू नको. आमी यायच्या आधी साहेबाला दाखव.