शीतगृहाच्या दाराची मूठ

३ जून १९६३, सोमवार

आज पुन्हा लोकांना हसवलं. आणि परतीच्या बसमध्ये लाज वाटली.

समीक्षक उर्किसा आमच्या मास्तरांचं, दिग्दर्शक सालाबेरींचं, चरित्र लिहिताहेत. मला कॅफेत बोलावलं होतं, सोबत आणखी दोघे समीक्षक. "ओविदिओ सालाबेरींच्या एकोणीसपैकी चौदा चित्रपटांची कंटिन्यूटी तुम्ही लिहिलीत, शॉटगणिक सेटवरची प्रत्येक नोंद तुमची, सेन्योरा देल्फिना. तुम्हाला ठाऊक नाही असं काय असणार?"

मग काय, सुटलेच मी! मास्तर म्हणजे आवेयानेदातल्या खाटकाचा मुलगा. मूकपटांच्या पाट्या रंगवायचा. खिशात कायम खडू, नटानं कुठे थिजायचं ती खूण स्वतः वाकून करायचा. आणि तो नियम: भीती प्रेक्षकाला आधी कळली पाहिजे, नटाला सगळ्यात शेवटी. मास्तरांची नक्कलही करून दाखवली. टेबलावर हशा!

निघताना उर्किसांनी विचारलं, "शीतगृहाच्या प्रसंगातली ती किंकाळी? नायिका मिर्ना एचागे म्हणते, तिला खरोखर कोंडलं होतं."

मी म्हणाले, "छे हो! अभिनय तो."

किती सहज म्हणाले.

५ जून

उर्किसांचा फोन. स्टुडिओच्या दप्तरात त्यांना त्या दिवसाचं कंटिन्यूटीचं पान सापडलं. आनंद मावत नव्हता. पुस्तकातला परिच्छेदच वाचून दाखवला — "मिर्ना एचागे यांचा आरोप बिनबुडाचा आहे. नोंदीत स्पष्ट लिहिलं आहे: आतली मूठ चालू."

"तुम्हीच लिहिलंय, म्हणजे विषय संपला," म्हणाले. "बाईंना काम मिळेना म्हणून हे सुचलं असणार."

काम का मिळेना? कारण ती हे बोलली! पंधरा वर्षं सगळा धंदा तिला खोटारडी म्हणतोय. आता छापूनही येणार. माझ्या अक्षराच्या भरवशावर.

६ जून

जुन्या कागदांच्या ट्रंकेपर्यंत गेले. उघडली नाही.

९ जून, रविवार

उघडली. त्या दिवसाचं पहिलं, कच्चं पान आहे अजून. पेन्सिलीनं लिहिलेलं, कडेला कॉफीचा डाग.

जुलै अठ्ठेचाळीस. खरं शीतगृह, आकड्यांना लटकलेले अर्धे बैल, कॅमेरा बाहेर, दारातल्या काचेतून. मास्तरांनी सकाळीच आतली मूठ काढायला लावली. मिर्नाला सांगायचं नाही. मी रिवाजाप्रमाणे लिहिलं: आतली मूठ काढली, ९:१०. माझं कामच ते. कपात कॉफी किती उरली, बटणं कुठवर लावली, सगळं.

शॉटच्या आधी मिर्ना माझ्याकडे आली. पातळ झगा, दंडावर काटा. दिग्दर्शकाला नाही विचारलं, कॅमेरामनला नाही. मला विचारलं. सेटवर खरं काय ते कंटिन्यूटीवालीलाच माहीत, असं सगळेच मानतात. "देल्फी, मूठ आतून फिरते ना गं?"

मी मान वर न करता म्हणाले, "फिरते."

दहा मिनिटांत कॅमेऱ्यातली फिल्म संपली. मास्तरांनी बोट वर केलं — थांबा, दार उघडू नका, आवाज येऊ दे. मी स्टॉपवॉच बंद केलं तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. बाहेरची मूठ माझ्यापासून हातभर लांब होती. माझा एक हात मोकळा होता!

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "पान स्वच्छ करून दे." दिलं. 'काढली'च्या जागी 'चालू'.

ते कुणीच माझ्या हातून जबरदस्तीनं लिहून घेतलं नाही.

१२ जून

मास्तरांकडे गेले. आता खुर्चीतून उठवत नाही. गुडघ्यावर लोकरीचा पोंचो, समोर चीज आणि बिहीच्या फळाची वडी.

"आली का माझी वही! खा."

मी विषय काढला. चिडले नाहीत. "मूठ असती तर ती किंकाळी असती? सांग ना. लोक अजून दचकतात." मग बशी माझ्याकडे सरकवत, "तुला तारऑफिसातून मी उचललं, देल्फी. मी काही फार दिवसांचा सोबती नाही. एवढं पुस्तक नीट होऊ दे."

मी वडी खाल्ली. चांगली झालीय म्हणाले. घरी आले.

१३ जून

वडी! वडीचं कौतुक करून आले मी.

१७ जून, सोमवार

दिलं. पेन्सिलीचं पान उर्किसांच्या टेबलावर ठेवलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे छापलं तर तुमच्याबद्दलही छापावं लागेल."

"छापा."

"त्या दिवशी कॅफेत तर तुम्ही..."

"हो. तेही छापा."

परिच्छेद बदलतो म्हणाले. वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं.

१९ जून

मास्तरांचा फोन. "तुझं अक्षर चांगलं होतं." ठेवला.

२३ जून, रविवार

किल्मेसला मिर्नाच्या घरी. ती लग्नाचे पोशाख शिवते. तोंडात टाचण्या होत्या, एकेक काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचल्या आणि पानाची नक्कल वाचली. मी म्हणाले, तू विचारलंस आणि मी खोटं बोलले.

"माहीत होतं," ती म्हणाली. "दार उघडंच होतं ना तेव्हा. मुठीच्या जागी नुसतं भोक, मला दिसलं होतं."

मग विचारलंस कशाला?

"आत तर जावंच लागणार होतं. तिथे माझं कुणी आहे का, तेवढं बघत होते."